पापणीची जखम

पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ असते. तिची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही आणि खाली चरबीचा थर जवळजवळ नसतो. म्हणून ठोसा बसला की पापणी पाहता पाहता टम्म सुजते, काळीनिळी पडते; म्हणूनच धारदार वस्तू लागली की ती आरपार चिरली जाते. कातडीखाली डोळा मिटणारा गोलाकार स्नायू, त्याच्यामागे टार्सस नावाची चिवट पट्टी आणि सर्वांत आत डोळ्याला टेकलेले ओलसर गुलाबी अस्तर, अशी तिची रचना आहे. टार्सस वरच्या पापणीत मध्यावर सुमारे १० मिलिमीटर उंच असतो, खालच्या पापणीत जेमतेम ४. पापणीला आकार आणि ताठपणा देतो तो हाच. वरची पापणी उचलायला लिव्हेटर नावाचा वेगळा स्नायू आहे. तो कापला गेला तर डोळा शाबूत राहूनही उघडत नाही.

पापणीची कड दोनच मिलिमीटर रुंद, पण सगळे काम तिच्यावर चालते. पुढच्या धारेवर केस, मागच्या धारेवर तेलग्रंथींची तोंडे आणि दोहोंच्या मधून जाणारी एक फिकट करडी रेघ. मागची धार डोळ्याला नेमकी टेकली, तरच उघडझापीबरोबर अश्रूंचा थर बुबुळावर सारखा पसरतो. नाकाकडच्या टोकाला, वरच्या आणि खालच्या दोन्ही पापण्यांच्या कडेवर, एकेक बारीक छिद्र असते. आरशात नीट पाहिले तर ते स्वतःलाही दिसते. तेथून अश्रुनलिका सुरू होते: आधी दोन मिलिमीटर उभी, मग वळून सुमारे आठ मिलिमीटर आडवी, नाकाच्या बाजूला असलेल्या अश्रुपिशवीपर्यंत. या नलिकेभोवती टार्ससचा आधार नसतो. त्यामुळे पापणीला जोराचा हिसका बसला, अगदी गालावर मार बसून कातडी ताणली गेली, तरी ती फाटते ती याच कमकुवत जागी. नाकाजवळच्या जखमेकडे अनुभवी नेत्रतज्ज्ञ आधी पाहतात, ते यामुळे.

मुंबईच्या उपनगरांत अशा जखमा रोजच्या आहेत. पश्चिमेला विलेपार्ल्याचे कूपर, जोगेश्वरीचे ट्रॉमा केअर रुग्णालय, कांदिवलीचे शताब्दी; मध्य रेल्वेच्या बाजूला घाटकोपरचे राजावाडी आणि मुलुंडचे अग्रवाल. या पालिका रुग्णालयांच्या अपघात विभागांत डोळ्यावर रुमाल दाबून येणारा माणूस कोणालाच नवा नाही. रात्री उशिरा येतात ते दुचाकीवरून पडलेले. त्यांच्या जखमेत रस्त्याची खडी आणि चष्म्याची काच असते. दिवसा येतात ते साकीनाका-मरोळच्या गाळ्यांतले कामगार. कुणाला ग्राइंडरची चकती फुटून लागलेली, कुणाला पत्र्याची कड. शाळा सुटल्यावर येतात ती मुले: बाकाचा कोपरा, कंपासपेटीतला करकटक, खिडकीचा उघडा हूक. वर्सोवा-मढच्या किनाऱ्यावरून मासेमारीचा गळ पापणीत रुतलेला माणूस येतो आणि गळाला उलटा काटा असल्याने तो ओढून काढता येत नाही. टोक पुढे ढकलून बाहेर आणावे लागते, काटा छाटावा लागतो, मगच उरलेला भाग मागे सरकतो. लोकलच्या दारात उभ्या प्रवाशांना रुळांकडेने फेकलेले दगड लागतात. प्रवाशाला इजा करण्याच्या हेतूने असा दगड फेकणाऱ्याला रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १५२ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण तो सापडतो क्वचित आणि जखमी प्रवासी पुढच्या स्थानकावर एकटाच उतरतो.

पावसाळ्यातली एक जखम मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाच्या जिन्यावर छत्र्यांची दाटी होते आणि एखाद्या छत्रीच्या काडीचे टोक समोरच्याच्या वरच्या पापणीत घुसते. बाहेरून दिसते ते तांदळाएवढे छिद्र. रक्तही फारसे नसते. रुग्ण कामावर जातो, दुपारी सूज चढल्यावर दाखवायला येतो. या छिद्रातून पिवळी चरबी डोकावत असेल तर अर्थ एकच: पापणी आणि डोळ्याची खोबण यांमधला पडदा फाटला आहे. पापणीत स्वतःची चरबी नसल्यात जमा, ती येते पडद्यामागून. खोबणीचे छत पातळ हाडाचे असते आणि त्याच्यावर मेंदू असतो. अशा वेळी एक टाका घालून रुग्णाला घरी पाठवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे. सीटी स्कॅन केल्याशिवाय त्याला सोडता कामा नये. छिद्राच्या आकारावरून जखमेचा अंदाज बांधायचा नसतो, हा धडा पापणीइतका ठळकपणे दुसरीकडे क्वचितच मिळतो.

जानेवारी आला की मांजा येतो. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. दर वर्षी संक्रांतीच्या आधी पोलिसांचे मनाईचे आदेश निघतात, छापे पडतात, रिळे जप्त होतात. तरीही मांजा विकला जातोच. २४ डिसेंबर २०२३ रोजी वाकोला पुलावर दुचाकीवरून घरी निघालेल्या एका पोलीस शिपायाचा गळा मांजाने चिरला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. गळ्याच्या जखमांची बातमी होते. तोच धागा चार बोटे वर लागला तर चेहरा कापतो, आणि हेल्मेटची काच वर केलेली असेल तर पापणी. मांजाची जखम ओळखू येते: बारीक, सरळ, आडवी, नाकाच्या पुलावरून एका पापणीतून दुसऱ्या पापणीकडे गेलेली, कडा पात्याने कापल्यासारख्या स्वच्छ. कडा स्वच्छ असल्याने ती दिसायला सोपी वाटते. प्रत्यक्षात वरच्या पापणीत ती लिव्हेटर स्नायूपर्यंत गेलेली असू शकते. रुग्णाला वर बघायला सांगितले आणि पापणी हलली नाही, की कातडीचे टाके घालण्याआधी स्नायूचे तुटलेले टोक शोधावे लागते. सूज चढल्यावर हे टोक सापडणे अवघड होते.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत जखमेचे काय होते, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. घरात पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो, नाहीतर कॉफीच्या पुडीकडे. रक्त थांबावे ही भावना खरी आणि माया खरी, पण डोळ्याशेजारच्या जखमेत ती पूड गेली की काढता काढता तासभर जातो आणि कण बुबुळावर घासतात ते वेगळेच. स्वच्छ पाण्याने धुवावे, स्वच्छ कापड हलके ठेवावे, आणि डोळ्याच्या गोळ्यावर दाब देऊ नये. गोळा फुटला असेल तर दाबाने आतले घटक बाहेर येतात. कागदी कप मधोमध कापून त्याचा तळ डोळ्यावर चिकटवला तर ते उत्तम झाकण होते: डोळा झाकला जातो आणि त्याला काही टेकतही नाही. पापणीचा तुकडा सुटून पडला असेल तर तो ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवून आणावी. थेट बर्फात टाकू नये. जखमी मूल असेल तर त्याला चहा-बिस्कीट देऊन शांत करण्याचा मोह आवरावा. लहान मुलांच्या पापणीचे टाके बहुधा पूर्ण भूल देऊनच घालावे लागतात, आणि पोट भरलेले असेल तर भूलतज्ज्ञ काही तास थांबतात.

अपघात विभागात पहिली तपासणी पापणीची नसते, नजरेची असते. सुजलेली पापणी अलगद उचलून रुग्णाला बोटे मोजायला सांगायची, तेही जमत नसेल तर बॅटरीचा उजेड दिसतो का विचारायचे, बाहुलीचा आकार पाहायचा. फाटलेली पापणी रक्ताळलेली आणि भयानक दिसते. तिच्याआड फुटलेला डोळा असेल तर त्याला आवाज नसतो. पापणीला हात घालण्याआधी नजर लिहून ठेवणे, हा या कामातला पहिला नियम आहे. डोळा फुटलेला असेल तर आधी तो शिवायचा, पापणी नंतर. दोन्ही डोळ्यांभोवती एकाच वेळी काळी वर्तुळे उमटली असतील तर कवटीच्या तळाला तडा गेल्याची शंका धरायची. डोळा दगडासारखा घट्ट, पुढे आलेला आणि नजर झपाट्याने जात असेल तर खोबणीत रक्त साचले आहे; तेथे स्कॅनची वाट न पाहता पापणीचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा करावा लागतो. नजर वाचवण्यासाठी मुद्दाम पापणी कापण्याचा हा प्रसंग नातेवाइकांना समजावून सांगायलाही वेळ नसतो.

यानंतर येतो खरा पेच. रात्रीचे दोन वाजलेले, रुग्णासोबत आलेली माणसे घाबरलेली, आणि सगळ्यांची एकच मागणी: आत्ताच्या आत्ता टाके घाला. पापणीला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे ती लवकर भरते, सहसा कुजत नाही आणि चोवीस तास, गरज पडल्यास अठ्ठेचाळीस तासही, ओल्या पट्टीखाली थांबू शकते. मध्यरात्री अपुऱ्या उजेडात, जाड दोऱ्याने, पापणीची सवय नसलेल्या हाताने घातलेल्या टाक्यांपेक्षा सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली घातलेले टाके शतपटीने बरे. हे नातेवाइकांच्या गळी उतरवणे हा कामाचाच भाग आहे. जे तडक जवळच्या दवाखान्यात जाऊन चार टाके घालून घेतात, त्यांच्यातले काही जण महिन्या-दोन महिन्यांनी खाचा पडलेली कड किंवा गळणारा डोळा घेऊन येतात. टाके घालणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. त्याने कातडी जोडलेली असते. कड, टार्सस, नलिका यांतले काही तुटले आहे का, हे मात्र पाहिलेले नसते. पापणीची पहिली दुरुस्ती सर्वांत सोपी आणि सर्वांत यशस्वी असते. दुसऱ्या वेळी हात घालायचा तो व्रणात. तेथे थर वेगळे दिसत नाहीत, कातडी आखडलेली असते आणि ताज्या जखमेत सहज जुळणारी गोष्ट ओढूनताणून जुळवावी लागते.

कड शिवण्याचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. जखम सलाइनने धुऊन खडीचे कण एकेक करून टिपतात, नाहीतर ते कातडीत कायमचे निळसर गोंदवल्यासारखे राहतात. काळपटलेला, धाग्याने लटकणारा तुकडासुद्धा कापून टाकत नाहीत. पापणीचे मांस जगते, आणि गेलेला तुकडा आणायचा कुठून? भुवई कधी भादरत नाहीत. भुवईच्या रेषेवरूनच जखमेच्या दोन कडा जुळतात. पहिला टाका कडेवरच्या तेलग्रंथींच्या तोंडांतून जातो: सुई जखमेपासून दोन मिलिमीटरवर एका तोंडातून आत शिरते आणि पलीकडच्या तोंडातून बाहेर येते. दोरा नुसता ताणून पाहतात. दोन्ही बाजूंची करडी रेघ एका सरळीत आली तर ठीक, नाहीतर टाका काढून पुन्हा. मग टार्ससला सहा-शून्य जाडीच्या विरघळणाऱ्या दोऱ्याचे टाके, अर्ध्याच जाडीतून, कारण पूर्ण जाडीतून गेलेला दोरा आतून बुबुळाला घासतो. मग केसांच्या रेषेत एक टाका. कड बांधून झाल्यावर किंचित फुगीर दिसली पाहिजे. भरताना ती आखडते आणि सपाट होते, सुरुवातीलाच सपाट बांधली तर खाच पडते. कडेच्या टाक्यांची टोके लांब ठेवून बुबुळापासून दूर, कातडीच्या टाक्यांखाली अडकवतात. पापणी आणि खोबण यांमधला फाटलेला पडदा मात्र शिवत नाहीत. तो शिवला तर पापणी आखडते आणि डोळा पुरता मिटत नाही. कातडीचे टाके पाच ते सात दिवसांनी निघतात, कडेचे दहा ते चौदा दिवसांनी. नेमके हेच दुसरे काढायला येणे लोक विसरतात, कारण तोवर चेहरा बरा दिसू लागलेला असतो.

अश्रुनलिका तुटली असेल तर काम वेगळ्याच पातळीवर जाते. नलिकेचे बाहेरचे टोक छिद्रातून सळई घातली की सापडते. नाकाकडचे टोक मात्र रक्ताळलेल्या मांसात मागे सरकलेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली, जखम वरचेवर धुऊन, एक पांढुरकी, चकचकीत, किंचित उलटलेली गोल कड शोधायची असते. सापडत नसेल तर जखमेत सलाइन साठवून दुसऱ्या पापणीच्या छिद्रातून हवा सोडतात. जेथून बुडबुडे येतात तेथे नलिका. शोधात अर्धा तास जातो, कधी जास्तही. टोक मिळाले की सिलिकॉनची केसासारखी नळी छिद्रातून घालून दोन्ही टोकांच्या मधून ओवतात आणि तिच्याभोवती नलिका जोडतात. पापणीचा नाकाकडचा अस्थिबंध तुटला असेल तर तो मागच्या बाजूला, आतल्या हाडाशी पक्का करावा लागतो. नाहीतर कोपरा पुढे सुटतो, छिद्र डोळ्याला टेकत नाही आणि नलिका उघडी असूनही डोळा गळतो. ही नळी तीन महिने, काहींच्या बाबतीत त्याहून जास्त ठेवतात. मुले ती चोळून बाहेर ओढतात. मोठ्यांना टोचल्यासारखे होते, मग ते कुणाकडून तरी काढून घेतात. नळी लवकर निघाली की नलिका चिकटण्याची भीती असते, आणि पुढे नाकात नवी वाट पाडण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो.

कुत्रा चावलेल्या मुलांमध्ये नेमकी हीच जखम वारंवार दिसते. घाटकोपर-असल्फ्याच्या टेकडीवरच्या वस्त्या असोत की बोरिवली-दहिसरच्या गल्ल्या, चार वर्षांच्या मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. दात खालच्या पापणीत अडकतो, मूल मागे खेचते आणि पापणी नाकाजवळून सुटते. आई धावत आणते तेव्हा मुलाच्या गालावर सगळी पापणी उलटून लोंबत असते आणि तिचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, दिसेल ना याला?" बहुतेक वेळा दिसणार असते, आणि ते तिला लगेच सांगावे. पण त्या घडीला पापणीहून मोठा प्रश्न रेबीजचा असतो. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची. चेहऱ्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या वर्गात मोडतो, म्हणून लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन जखमेतच टोचावे लागते. लस कातडीत द्यायची तर शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी. शेवटचा डोस चुकवू नये. कुत्र्याच्या चाव्याला टाके घालू नयेत हा नियम हातापायाला ठीक आहे. पापणी उघडी ठेवली तर डोळा जातो, म्हणून औषध जखमेत मुरल्यावर, कमीत कमी टाक्यांनी ती जोडावीच लागते. एकदा लक्षणे दिसली की रेबीज जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो. पापणीची दुरुस्ती एक दिवस लांबली तरी चालते, इम्युनोग्लोब्युलिन लांबलेले चालत नाही.

भाजलेली पापणी सुरुवातीला वाटते तितकी बरी नसते. ती आठवड्यांनी बिघडते. फटाके, उकळते तेल, कुकरची वाफ यांत माणूस डोळे मिटतो आणि पापणी स्वतः भाजून घेऊन डोळा वाचवते. रसायनाचे तसे नसते. महाराष्ट्रात घरोघरी सापडणारी चुन्याची छोटी पुडी किंवा नळी मुलांच्या हाती लागते, मूल ती दाबते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना हा अल्कली. तो आम्लापेक्षा खोल उतरतो आणि कण पापणीच्या आतल्या घडीत बसून तासन्‌तास जाळत राहतात. नळाखाली डोळा धरून किमान अर्धा तास धुणे, वरची पापणी उलटून घडीतले कण काढणे, हे लगेच सुरू झाले तर डोळा वाचण्याची शक्यता वाढते. आधी धुवायचे, मग रिक्षा शोधायची. फेविक्विकसारख्या गोंदाने पापण्या चिकटल्या तर मात्र ओढाताण करू नये. कोमट पाण्याच्या पट्ट्या, मलम आणि वेळ. गरज पडली तर पापण्यांचे केस कापले की त्या सुटतात.

ॲसिडचा हल्ला या सगळ्यांत निराळा, कारण तो चेहरा नेमका धरून केलेला असतो. २ मे २०१३ रोजी वांद्रे टर्मिनसवर, मुंबईत परिचारिकेच्या नोकरीवर रुजू व्हायला आलेल्या एका तरुणीवर ॲसिड फेकले गेले. महिनाभर झुंजून १ जून रोजी ती गेली. जे वाचतात त्यांच्या पापण्या आखडत जातात. रात्री डोळा उघडा राहतो, बुबुळ कोरडे पडते, त्यावर व्रण होतो आणि वाचलेली नजर अशी सावकाश जाते. म्हणून सुरुवातीपासून मलम, ओलावा, वेळ पडल्यास दोन्ही पापण्या तात्पुरत्या एकत्र शिवून ठेवणे आणि आखडू लागताच कानामागची कातडी लावणे, हे काम महिनोन्‌महिने चालते. अशा रुग्णावर कोणत्याही रुग्णालयात, सरकारी असो की खासगी, मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. महाराष्ट्रातील मनोधैर्य योजनेत ॲसिडपीडितांना अर्थसाहाय्य मिळते आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्यांची स्वतंत्र नोंद आहे. बऱ्याच जणींना हे रुग्णालयातल्या समाजसेविकेकडून कळते. ती नसली तर कळतच नाही.

पापणीचा तुकडाच नाहीसा झाला असेल तर किती गेला यावर उपाय ठरतो. तरुणात चौथा हिस्सा, वयस्कात कातडी सैल असल्याने तिसरा हिस्सासुद्धा दोन्ही बाजू जवळ आणून जोडता येतो. त्याहून जास्त गेले तर शेजारची कातडी फिरवून आणावी लागते, किंवा वरच्या पापणीचे अस्तर खाली आणून खालची पापणी घडवावी लागते. या दुसऱ्या पद्धतीत डोळा काही आठवडे बंद राहतो. दुसरा डोळा अधू असलेल्या माणसाला हे सांगणे फार जड जाते. नाकाजवळच्या कोपऱ्यातले मांस गेले तर कपाळाची कातडी वळवतात. या तंत्राचा गाजलेला दाखला मराठी वाचकाच्या ओळखीच्या मुलखातला आहे: पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने बनवल्याचा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ साली छापून आला आणि त्यावरून युरोपातल्या शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया उचलली. त्याच्याही कित्येक शतके आधी सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राने डोळ्यांचे ७६ रोग सांगितले, त्यांतले २१ पापण्यांचे, आणि डोळ्याच्या इजेला स्वतंत्र अध्याय दिला.

जखम भरल्यावर रुग्णाचे आयुष्य सुरू होते आणि तेथे लहान वाटणाऱ्या गोष्टी मोठ्या होतात. कडेवर दोन मिलिमीटरची खाच राहिली तर केस आत वळून बुबुळाला घासतात. खालची पापणी व्रणाने खेचली गेली तर डोळा सतत लाल. नलिका बंद राहिली तर पाणी गळते, आणि सतत गळणारा डोळा माणसाला कामातून काढतो. हॉटेलात वाढणाऱ्याला मालक समोर उभे करत नाही, शिंप्याला सुई ओवता येत नाही, रिक्षावाल्याला समोरून येणारे दिवे फुटलेले दिसतात. वरची पापणी अर्धी उतरलेल्या तरुणाला लोक झोपेत आहेस का विचारतात. मारामुळे उतरलेली पापणी पुष्कळदा आपोआप वर येते, म्हणून साधारण सहा महिने थांबून मग शस्त्रक्रिया ठरवतात. सात-आठ वर्षांखालच्या मुलात मात्र थांबता येत नाही. पापणीने बाहुली झाकली तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही, आणि ती संधी पुन्हा येत नाही.

लग्न ठरलेल्या मुली व्रणाबद्दल विचारतात, त्यांच्या आया त्याहून जास्त विचारतात. त्यांना खरे सांगणे बरे: व्रण सुरुवातीचे काही महिने लाल आणि जाड दिसतो, मग वर्षभर मऊ होत जातो, म्हणून घाई नको. पुरुष व्रणाबद्दल विचारत नाहीत. ते गॉगल लावू लागतात, फोटोत एका बाजूला वळतात. तपासणीत त्यांनी आपणहून काढलेला विषय बहुधा हजेरीचा आणि पगाराचा असतो. कर्मचारी राज्य विमा असलेल्यांना कांदिवली आणि मुलुंड येथे त्या योजनेची रुग्णालये आहेत, पण गाळ्यांतले बहुतेक कामगार कंत्राटी, त्यांच्याकडे ते कार्ड नसते. पुढच्या तपासणीला न येणाऱ्यांमध्ये हेच जास्त असतात. दर भेटीत एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून नळी काढायच्या तारखेचे आणि कडेच्या टाक्यांचे महत्त्व केसपेपरवर लिहून थांबू नये. ते रुग्णाला आणि त्याच्या मुकादमालाही तोंडाने सांगावे.

अपघात, मारामारी, हल्ला यांतली प्रत्येक जखम एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणून नोंदवली जाते. नातेवाईक पुष्कळदा म्हणतात, पोलिसांची भानगड नको. ती नोंद जखमीच्याच हिताची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये एका डोळ्याची नजर कायमची जाणे आणि चेहरा कायमचा विद्रूप होणे या दोन्ही गोष्टी गंभीर दुखापतीत मोडतात. पहिल्या रात्री 'डोळ्याला मार' एवढेच लिहिले असेल तर पुढे न्यायालयात काही सिद्ध होत नाही. कोणती पापणी, कड तुटली की नाही, लांबी किती, नलिका शाबूत आहे का, नजर किती होती, हे त्या कागदावर असले पाहिजे. मोटार अपघात दाव्यातही हाच कागद चालतो. वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, तेव्हा रस्त्यावर पडलेल्याला रिक्षात घालून आणणाऱ्याने घाबरू नये.

यांतल्या पुष्कळ जखमा होऊच द्यायच्या नसतात आणि त्यासाठी फार काही लागत नाही. ग्राइंडरसमोर बसणाऱ्याला साधा संरक्षक चष्मा मालकाने द्यावा आणि तो घातल्याशिवाय मशीन सुरू करू देऊ नये. चुन्याची पुडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. कुत्रा खात असेल, झोपला असेल किंवा पिल्लांजवळ असेल तेव्हा मुलाला त्याच्या जवळ जाऊ देऊ नये. डिसेंबर-जानेवारीत पश्चिम द्रुतगती मार्गावरून किंवा कुठल्याही उड्डाणपुलावरून दुचाकीने जाणाऱ्याने हेल्मेटची काच खाली ओढूनच निघावे, मुलाला त्या दिवसांत पुढे बसवू नये, आणि नायलॉनचा मांजा विकणारे दुकान दिसले तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे.